देऊळ, चर्च आणि दगडाची खाण

सिसिलीतल्या सिराक्यूजला गेलो तो आर्किमिडीजचं गाव म्हणून. इ.स.पू. 212 मध्ये रोमनांनी शहर जिंकलं तेव्हा तो मारला गेला. पण मी जास्त रेंगाळलो ते तिथल्या कॅथेड्रलमध्ये.

बाहेरून बरोक थाटाचं, 1693 च्या भूकंपानंतर सजवलेलं. आत शिरलात की मात्र बाजूच्या भिंतीत चक्क जाडजूड ग्रीक खांब! हे मूळचं अथेनाचं देऊळ, इ.स.पू. पाचव्या शतकातलं. पुढे रोमन सुभेदार व्हेरेसने ते लुटलं. सिसेरोने त्याला कोर्टात खेचलं ते इ.स.पू. 70 मध्ये. इसवी सनाच्या सातव्या शतकात त्याचं चर्च झालं. खांबांमधली जागा बुजवून भिंत केली, गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी पाडल्या, झालं काम. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कोड न पुसता त्यावरच नवं व्हर्जन!

पुरातत्त्वप्रेमींना हे कदाचित विद्रूप वाटेल. मला नाही वाटलं. कारण तिथून जवळच डोंगरउतारावर ग्रीक नाट्यगृह आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश राज्यकर्त्यांना तटबंदीसाठी दगड हवा होता. वापरात नसलेलं नाट्यगृह म्हणजे आयती खाण. शेजारच्या रोमन अँफिथिएटरचीही तीच गत. रंगमंचाची इमारत गेली, वरच्या रांगा गेल्या. राहिलं ते मुख्यतः कातळातच कोरलेलं. 1914 पासून याच पायऱ्यांवर बसून लोक पुन्हा ग्रीक नाटकं बघतात. (उशी सोबत न्या, दगड फार टोचतो.)