खडकी, खडकवासला आणि फोनवरच्या पाच दांड्या

रायपूरला बदली झाल्याचं घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिकडे मराठी माणसं आहेत का रे?" आहेत, चांगली भरपूर आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आलेल्या कुटुंबांचे वंशज आहेत, नंतर नोकरीधंद्यासाठी आलेले आहेत. शहरातल्या एका जुन्या वस्तीचं नावच तात्यापारा आहे. अशाच एका घरात मला मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब भेटले. मुलीकडे राहतात. त्यांचा नातू केंद्रीय दलात आहे आणि सध्या सुकमा जिल्ह्यातल्या एका कॅम्पवर आहे. संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान त्याचा फोन येतो. त्या तासात सुभेदारसाहेब कुणाशी फार बोलत नाहीत. फोन समोर टीपॉयवर असतो आणि त्यांची नजर फोनवर.

एका रविवारी त्यांनी विचारलं, "साहेब, दांड्या पाचच्या पाच दिसतात, आणि पोराचा आवाज तुटतो. असं कसं?"

मी म्हटलं, "या दांड्या तुमच्या फोनच्या. त्याच्या फोनला किती असतील कोण जाणे."

"त्याच्याकडेपण चार असतात. विचारलंय मी."

सुभेदार तो सुभेदार. प्रश्न विचारायच्या आधी रेकी करून आले होते.

आता मी काही सिग्नल्सचा माणूस नाही. इन्फन्ट्रीवाल्याचं सिग्नलवाल्यांशी नातं कसं असतं ते माझ्या माजी सैनिक वाचकांना सांगायला नको. सेट चालला तर आमची बहादुरी, बंद पडला तर त्यांचा दोष. पण त्या प्रश्नाने मी पंधरा दिवस पुस्तकं काढून बसलो, आणि शोध घेत घेत पुन्हा पुण्यात जाऊन पोचलो.

त्याआधी एक जुनी आठवण. लेफ्टनंट असताना उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होतो. जानेवारी महिना. रात्री गेलेली गस्त पहाटे तीनच्या सुमारास बोलायची थांबली. आम्ही दर पाच मिनिटांनी हाका मारत होतो, उत्तर नाही. त्या तीन तासांत मी काय काय विचार केले ते इथे लिहिणार नाही. उजाडताना सगळे धडधाकट परत आले. गस्तीचा ऑपरेटर म्हणाला, "सर, आपका सब सुनाई दे रहा था. बोल नहीं पा रहे थे." थंडीने बॅटरी मेली होती. ऐकायला सेटला अगदी थोडी वीज लागते, बोलायला कितीतरी जास्त. बॅटरीत उरलेली वीज कानापुरती होती, तोंडापुरती नव्हती. तेव्हापासून 'वॅट' हा शब्द मी भौतिकशास्त्राचा मानत नाही, रसदीचा मानतो. जसं पाणी, जसा दारूगोळा.

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास म्हणजे बराचसा या रसदीचा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या अंतरासाठी एकच उपाय माहीत होता: लांबच लांब लहरी आणि राक्षसी ताकद. इंग्लंडमधलं रग्बी इथलं केंद्र 1926 च्या पहिल्या दिवशी सुरू झालं. त्याची लहर अठरा किलोमीटरहून लांब होती आणि अँटेना उभारायला 250 मीटर उंचीचे बारा मनोरे लागले. वीज शेकडो किलोवॅट. एवढं करून ती शक्ती चारी दिशांना उधळली जायची. ज्याला निरोप द्यायचाय तो एका दिशेला, आणि ओरडायचं मात्र सगळ्या गावाला. ब्रिटिश साम्राज्याने आपल्या वसाहती अशा केंद्रांनी जोडायची योजना पहिल्या महायुद्धाआधीच आखली होती. युद्ध आलं, योजना रखडली, नंतर समित्यांवर समित्या बसल्या. सरकारी फाइल कशी फिरते हे लंडनला आपल्याकडून शिकावं लागलं नाही.

मार्कोनी कंपनीत चार्ल्स फ्रँकलिन नावाचा एक अभियंता होता. तो उलट्या टोकाकडून विचार करत होता. लहर आखूड असेल तर तिला आरशाने वळवावी तसं एका दिशेला वळवता येतं. 1916 पासून त्याचे आणि मार्कोनीचे यावर प्रयोग चालू होते. 1923-24 मध्ये पोल्धूच्या केंद्रावरून सोडलेले संदेश मार्कोनीने आपल्या 'इलेट्रा' या बोटीवर हजारो किलोमीटर दूर जाऊन ऐकले, आणि लागलेली शक्ती होती काही किलोवॅटच. त्याच्या बळावर कंपनीने जुलै 1924 मध्ये ब्रिटिश सरकारशी करार केला. अटी कडक होत्या. मिनिटाला 100 शब्द, भारतासाठी दिवसाकाठी 12 तास, ऑस्ट्रेलियासाठी 7 तास. बारा आणि सात अशासाठी, की आखूड लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून पुढे जातात आणि तो थर सूर्याप्रमाणे बदलतो. म्हणून दिवसाची लहर वेगळी, रात्रीची वेगळी.

या साखळीतलं भारताचं टोक होतं आपल्या पुण्यात. प्रक्षेपण केंद्र खडकीला, आणि ग्रहण केंद्र रेल्वेने पाऊणशे किलोमीटरवर दौंडला, ज्याला साहेब 'धोंड' म्हणायचा. दोन्ही एकाच जागी का नाहीत? कारण स्वतःच्याच आरड्याने स्वतःचे कान बधिर होतात. समोर इंग्लंडात तशीच जोडी: ग्रिम्सबीजवळ बोलणारं केंद्र, स्केगनेसजवळ ऐकणारं. 1927 साली हा 'बीम' मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी 23 जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते झालं. रेडिओच्या इतिहासात तेच जास्त गाजतं, गाणी तिथून आली ना! खडकीच्या वाट्याला टिकटिक आली.

फ्रँकलिनची अँटेना म्हणजे मनोऱ्यांमध्ये टांगलेला उभ्या तारांचा पडदा. प्रत्येक तार एकाच ठेक्यात धडधडायची. समोरच्या दिशेला सगळ्यांच्या लहरी एकमेकींत मिळायच्या, बाजूला एकमेकींना मारायच्या. मागे परतवणाऱ्या तारांचा दुसरा पडदा. परेडवर दोनशे बुटांची टाच एका क्षणी पडली की जमीन हादरते, तेच दोनशे जण आपापल्या चालीने चालले की नुसती खसखस. तेवढाच फरक. त्यामुळे रग्बीला शेकडो किलोवॅट लागत तिथे बीम केंद्राचं काम वीसेक किलोवॅटमध्ये झालं, आणि शब्दही जास्त वेगाने गेले.

परिणाम असा झाला की समुद्राखालच्या तारांच्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. मुंबईचा लंडनशी तारेने संबंध 1870 पासून होता. त्या तारांवर अफाट पैसा ओतलेला. आता खडकीतल्या काही खांबांनी त्यांचं गिऱ्हाईक पळवलं. 1928 मध्ये परिषद भरली, 1929 मध्ये तारवाले आणि बिनतारीवाले एका कंपनीत बांधले गेले. म्हणजे जो जिंकत होता त्याच्या गळ्यात हरणाऱ्याचं ओझं अडकवलं. तारा युद्धात उपयोगी पडतात हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि सैनिक म्हणून मला तो पटतो. तार चोरून ऐकणं अवघड, हवेतलं कुणीही ऐकतं. 1947 मध्ये ही सेवा भारत सरकारकडे आली, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, 1986 मध्ये विदेश संचार निगम.

खडकीहून पुण्याकडे आलं की थोड्याच अंतरावर कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. तिथून 1956 साली दूरसंचार शाखेतून बाहेर पडलेला एक मुलगा होता थॉमस कैलाथ. घर मल्याळी, जन्म 1935 चा पुण्याचा, शिक्षण पुण्याचं. तो अमेरिकेत एमआयटीला गेला, 1961 मध्ये डॉक्टरेट झाला आणि पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक. संदेश आणि गोंगाट यांची गणितं सोडवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्याच्या हाताखाली तयार झाली.

आणि खडकवासला. आम्ही एनडीएत असताना दहा-दहा किलोमीटर पळवले गेलो, घोड्यावरून पडलो, पण आरोग्यस्वामी पॉलराज हे नाव कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. हे मला आज खटकतं. वयाच्या पंधराव्या वर्षी ते अकादमीत आले, नौदलात गेले, 1966 मध्ये लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली. पुढे दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक इंदिरेसन यांच्या हाताखाली गोंगाटातून संदेश वेचण्याचं गणित करू लागले.

9 डिसेंबर 1971. दीवच्या किनाऱ्याबाहेर 'खुखरी' पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, ते सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की आपल्या जहाजांच्या सोनारचा पल्ला पाणबुडीच्या कानांपेक्षा तोकडा होता. त्यांनी आपल्याला आधी ऐकलं. युद्धानंतर नौदलाने तो सोनार सुधारण्याचं काम पॉलराज यांच्याकडे दिलं. जुनंच 170 जातीचं यंत्र, त्याच्यावर नवं गणित चढवलं. मग कोचीच्या प्रयोगशाळेत 'अप्सोह' हा संपूर्ण देशी सोनार, जो 1983 मध्ये जहाजावर चढला.

सोनारमध्ये पाण्याखाली पुष्कळ कान एका रांगेत असतात. एकच आवाज प्रत्येक कानाला किंचित मागेपुढे पोचतो आणि त्या फरकातून दिशा कळते. हा तर फ्रँकलिनचा तारांचा पडदाच, फक्त ऐकणारा आणि विचार करणारा. ऐंशीच्या दशकात पॉलराज काही वर्षं स्टॅनफर्डला कैलाथ यांच्याकडे होते. नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त होऊन 1991 मध्ये पुन्हा तिथेच गेले. 1992 मध्ये दोघांनी एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते 1994 मध्ये मिळालं. आज तिला 'मायमो' म्हणतात.

सुभेदारसाहेबांना मी ती अशी समजावली. दोन माणसं एकाच वेळी, एकाच सुरात दोन वेगळे निरोप ओरडताहेत. तुमच्याकडे दोन कान. मोकळ्या माळावर दोघं लांब आणि जवळजवळ उभे असतील तर दोन्ही कानांत सारखीच खिचडी पोचते. शाळेतलं गणित आठवा: दोन अज्ञात राशी, पण दोन्ही समीकरणं एकच, उत्तर निघणार नाही. आता हेच गल्लीबोळात करा. आवाज भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात, डाव्या कानातली खिचडी वेगळी, उजव्यातली वेगळी. समीकरणं वेगळी झाली, निरोप सुटे झाले. तेवढ्याच विजेत आणि तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात दुप्पट मजकूर. चार-चार अँटेना असतील तर जवळपास चौपट.

गंमत बघा. मार्कोनीपासून सगळे या आपटून येणाऱ्या लहरींना शिव्या देत होते. पॉलराजनी त्या शत्रूलाच आपल्या पलटणीत भरती केलं. सुरुवातीला अनेकांना हे पटलंच नाही. आज चौथ्या-पाचव्या पिढीचा प्रत्येक टॉवर आणि घरातला वायफायचा डबा यावर चालतो. 2014 मध्ये पॉलराज यांना मार्कोनी पुरस्कार मिळाला. या लेखात मार्कोनीचं नाव असं फिरून परत येतं.

"मग ते पोराच्या टॉवरवर का नाही लावत?" सुभेदारसाहेबांचा पुढचा गोळा.

प्रश्न बरोबर जागी लागला. प्रत्येक जादा अँटेनामागे वेगळा रेडिओ लागतो, आणि तो वीज खातो. तेवढ्याच पट्ट्यात जास्त मजकूर कोंबणं ही एक काटकसर, तेवढ्याच विजेत दिवस काढणं ही दुसरी. शहरात पहिली महत्त्वाची, जंगलात दुसरी. बस्तरमध्ये लष्कर तैनात नाही, तिथला भार केंद्रीय दलं आणि राज्य पोलीस उचलतात, हवाई दलाची हेलिकॉप्टरं जखमींना काढतात. त्या भागांसाठी 2014 मध्ये केंद्राने टॉवरची योजना मंजूर केली. नक्षलग्रस्त राज्यांत मिळून 2,343 टॉवर उभे राहिले, त्यातले कितीतरी थेट कॅम्प किंवा ठाण्याच्या कुंपणाच्या आत. सौरऊर्जेवर चालणारे, कमी ताकदीचे, दुसऱ्या पिढीचे. तेव्हा यावर नाकं मुरडली गेली. जग चौथ्या पिढीत आणि आदिवासींना दुसरी? मला तो निर्णय तेव्हासाठी बरोबर वाटतो. जिथे तारेची वीज नाही आणि डिझेलचा टँकर पोचवायला रस्ता मोकळा करणारी तुकडी पाठवावी लागते, तिथे कमी वॅटमध्ये नुसता आवाज पोचवणारं यंत्रच कामाचं. टँकर कमी म्हणजे सुरुंगावरून जाणारी चाकं कमी. पण 'तात्पुरतं' म्हणून केलेलं आठ वर्षं तसंच राहिलं, हेही खरं. एप्रिल 2022 मध्ये हे टॉवर चौथ्या पिढीचे करायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

शिवाय टॉवरच्या मागची वाट असते. अनेक ठिकाणी ती उपग्रहावरून जाते आणि अरुंद असते. फोन आणि टॉवरमधलं अंतर दोनशे पावलांचं, म्हणून दांड्या चार. पुढे अख्खा कॅम्प आणि शेजारची वस्ती एकाच अरुंद पुलावर, तीही संध्याकाळी सहा ते सात, सगळ्यांच्या घरी फोन करायच्या वेळेला. पावसाळ्यात दोन दिवस ऊन नसलं की बॅटरीचा प्रश्न. त्या थंड पोस्टवरचाच.

सुभेदारसाहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "म्हणजे दांडी म्हणजे गेटवरचा संतरी. तो हजर आहे, पण आतला रस्ता मोकळा आहे की नाही ते त्याला माहीत नाही."

सिग्नल्सच्या कुठल्याही प्रशिक्षकाला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. मी त्यांना सुचवलं, पोराला सांगा, फोन सहाला नको, साडेआठनंतर करून बघ. ते म्हणाले, "साडेआठला त्याची ड्यूटी असते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, फ्रँकलिनकडेही नसतं.

सातला दहा कमी असताना फोन वाजला. मी चहाचा कप उचलून गॅलरीत गेलो.