'म्हणे' आणि कॅमेरा: गोरोबांच्या आख्यानांचा एक धडा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतचरित्रपरंपरेने त्यांच्याभोवती दोन प्रमुख आख्याने जपली आहेत. एकात भजनात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली तान्हे मूल चिखलात तुडवले जाते आणि पुढे विठ्ठलकृपेने ते सजीव होते. दुसऱ्यात गोरोबा थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहतात व नामदेवांचे मडके कच्चे ठरवतात. पहिले आख्यान चमत्काराचे, दुसरे परीक्षेचे. दुखावलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जातात. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा त्यांना देव नसलेली जागा दाखवायला सांगतात. पाय हलवावेत तेथे पिंडी उमटते. पण हा चमत्कारही युक्तिवादाचेच काम करतो. विवेक येथे श्रद्धेचा प्रतिपक्ष नसून तिची भट्टी आहे.

दृक्‌माध्यमात हा तोल टिकतो काय? प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात वैकुंठगमन दिसते, परंतु जिजाईचा व्यवहारनिष्ठ स्वरही तितक्याच ठसठशीतपणे ऐकू येतो. १९८७मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा अनेक घरांत संचालाच हार घातले गेले. पाहणे हेच दर्शन झाले.

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एक मार्मिक भेद केला. चमत्काराच्या प्रयोगाने लोकांना फसवणे, लुबाडणे हा गुन्हा ठरला. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. हा भेद 'सांगणे' आणि 'करून दाखवणे' यांच्यातील अंतरावर उभा आहे. कीर्तनकाराच्या निवेदनात ते अंतर शाबूत असते. 'म्हणे' या एका शब्दाने कथेची जबाबदारी परंपरेवर सोपवली जाते व श्रोत्याला विचाराची मोकळीक राहते. कॅमेऱ्याजवळ 'म्हणे' नाही. तो जे दाखवतो, ते घडलेलेच असते.

'तू माझा सांगाती' (२०१४) ते 'आई तुळजाभवानी' (२०२४) या मराठी भक्तिमालिकांच्या दशकाचा विचार करताना ही रूपगत अडचण ध्यानी घ्यावी लागते. चमत्कार दाखवला म्हणून मालिका आपोआप विवेकविरोधी ठरत नाही, आणि लोकश्रद्धेचा आदर केला म्हणून ती परंपरानिष्ठही ठरत नाही. तिने थापटण्याला जागा ठेवली आहे काय, हा खरा निकष होय. केवळ सजीव झालेले मूल दाखवून थांबणारी मालिका तेरची अर्धीच परंपरा सांगते. आणि तो चमत्कार तेवढा हसण्यावारी नेणारा समीक्षकही उरलेली अर्धी गमावतो.