ओळ संपते कुठे?

२०१६ सालच्या पावसाळ्यात माझ्या कादंबरीचे एक प्रकरण छापखान्यातून तपासणीसाठी परत आले. पाहतो तो सासू-सुनेचे सगळे भांडण एकाच परिच्छेदात कोंबलेले! कोण कुणाला बोलते आहे, हे लिहिणाऱ्या मलाच उमगेना.

हे भांडण फार जुने निघाले. टंकलेखनाच्या वर्गात बसलेल्यांना ती घंटी आठवेल. ओळ संपत आली की ‘टिंग’ वाजे. मग डाव्या हाताने दांडा ढकलायचा. त्या एका ढकलण्यात कामे दोन होत : गाडा ओळीच्या आरंभाशी येई आणि कागद एक ओळ वर सरके. तारेवरून चालणाऱ्या यंत्राला मात्र ही दोन्ही निरनिराळी सांगावी लागत. डोनाल्ड मरे याच्या १९०१ सालच्या तारलिपीत दोहोंना स्वतंत्र खुणा होत्या.

१९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे नेमून देणारी ‘अ‍ॅस्की’ संहिता निघाली. तीत आरंभाशी परतण्याचा आकडा १३, कागद सरकवण्याचा १०. त्या काळचे ‘टेलिटाइप ३३’ यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. पण त्याच्या ठशाला ओळीच्या टोकाहून परतायला याहून जास्त वेळ लागे. तेवढ्यात पुढचे अक्षर आले तर ते वाटेतच, पानाच्या मध्ये कुठेतरी उमटायचे! म्हणून आधी १३, मग १०. कागद सरकेपर्यंत ठसा घरी पोचे. बिचाऱ्या यंत्राला दम घ्यायला दिलेली ही सवड!

पुढे पडदे आले. धावणारा ठसा गेला, खुणा मात्र राहिल्या. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’चा आरंभ केला, तिथे एकटा १० पुरेसा मानला गेला. ‘लिनक्स’ने तोच रिवाज उचलला. १९८१ ची ‘एमएस-डॉस’ आणि पुढची ‘विंडोज’ यांनी जोडी सोडली नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशची तर तिसरीच तऱ्हा : एकटा १३! २००१ च्या नव्या प्रणालीपासून तोही युनिक्सच्या पंक्तीला बसला.

माझे प्रकरण भाच्याच्या लिनक्सवर लिहिलेले. छापखान्यात ते ‘विंडोज’च्या ‘नोटपॅड’मध्ये उघडले. जोडी दिसेना, तेव्हा त्याच्या लेखी ओळ संपलीच नव्हती. हा हट्ट नोटपॅडने २०१८ साली सोडला.

भाच्याने एका आज्ञेत साऱ्या ओळी जागेवर आणून दाखवल्या. पण तोवर तीन रात्री जागून मी सासूला आणि सुनेला हातानेच वेगळे केले होते.