निकाह-जलशांचे व्हिडिओ आणि ग्राफिक्स कार्ड : पैसे घालण्याआधी हे तपासा

सोलापुरात शादीचा मोसम सुरू झाला की व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्या मुलांच्या रात्री कॉम्प्युटरपुढेच जातात. निकाह असो, वलीमा असो की मदरशाचा जलसा, प्रत्येकाला व्हिडिओ लवकर हवा असतो. मग कोणीतरी सांगतो, "ग्राफिक्स कार्ड टाक, काम झटपट होईल." ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. कार्ड नेमके कोणते काम वाचवते हे माहीत नसेल तर हजारो रुपये जातात आणि रेंडर तसाच रेंगाळतो.

जीपीयू म्हणजे काय?

ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू, मुळात गेमची चित्रे पडद्यावर उमटवण्यासाठी आला. एनव्हीडिया कंपनीने १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' कार्ड आणले तेव्हा हे नाव रूढ झाले. २०१० मध्ये ॲडोबीच्या प्रीमियर प्रो सीएस५ ने एडिटिंगसाठी कार्डाची ताकद वापरायला सुरुवात केली.

यंत्रमागाच्या गावात हे समजायला अवघड नाही. सीपीयू म्हणजे मोजकेच, पण कोणतेही काम जमणारे कारागीर. जीपीयू म्हणजे एकच नक्षी एकाच वेळी विणणारे शेकडो माग. ४के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २० कोटींहून जास्त ठिपके होतात. प्रत्येकाला रंगाचा तोच नियम लावायचा असेल तर ते मागांचेच काम.

कार्ड कुठे कामाला येते?

१. इफेक्ट : कलर करेक्शन, ब्लर, नॉइज काढणे, साइज बदलणे. इथे सर्वात जास्त फायदा होतो.

२. डिकोड : कॅमेऱ्याची दाबलेली फाइल उलगडणे. टाइमलाइन अडखळत असेल तर बहुतेक वेळा दुखणे इथेच असते.

३. एन्कोड : शेवटची फाइल तयार करणे. एनव्हीडियाच्या कार्डांत २०१२ पासून यासाठी वेगळा भाग आहे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये २०११ पासून 'क्विक सिंक' आहे, म्हणजे कार्ड नसतानाही हे काम वेगाने होऊ शकते. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ही सोय नसते.

एक फसगत ध्यानात ठेवा. नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये शूटिंग करतात. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीची कार्डे ही फाइल स्वतः उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचे क्विक सिंक अशी एच.२६५ फाइल उलगडते. महागडे कार्ड घेऊनही टाइमलाइन अडकते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आधी मोजा, मग घ्या

समजा, एका रेंडरला ६० मिनिटे लागतात. त्यातली ४० मिनिटे इफेक्टची आणि २० मिनिटे जुन्या हार्ड डिस्कवरून फाइल वाचण्यात जातात. कार्डाने ४० ची ५ केली, तरी एकूण २५ मिनिटे लागणारच. डिस्क बदलून एसएसडी टाकल्याशिवाय ती २० मिनिटे हलणार नाहीत.

म्हणून रेंडर चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स' बघा. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी घ्या. रॅम भरली असेल तर रॅम वाढवा. सीपीयू पूर्ण दमलेला आणि असलेले कार्ड रिकामे बसलेले दिसले तर आधी सेटिंग बघा. प्रीमियरमध्ये 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मधला रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली'वर तर नाही ना? एक्सपोर्ट करताना 'हार्डवेअर एन्कोडिंग' निवडले आहे का? टू-पास निवडले की ते बहुधा सॉफ्टवेअरवर जाते.

टाइमलाइनच अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा. हलक्या नकलांवर एडिटिंग करायचे आणि शेवटचा रेंडर मूळ फाइलवरून घ्यायचा. याला एक रुपयाही लागत नाही.

घ्यायचेच असेल तर

४के साठी कार्डाची स्वतःची मेमरी किमान ८ जीबी असावी. आरटीएक्स ३०६० सुमारे १७० वॅट ओढते आणि आरटीएक्स ४०६० सुमारे ११५ वॅट, तेव्हा एसएमपीएसला तेवढा भार झेपतो का ते विचारून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर महिनोन्‌महिने दिवसरात्र चाललेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. सेकंडहँड घेताना अर्धा तास रेंडर चालवून पंखा आणि तापमान बघा, बिल आणि वॉरंटी मागा.

सोलापूरचा एप्रिल-मे विसरू नका. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असतो. कार्ड फार तापले की ते आपणहून वेग कमी करते. कॅबिनेटमधली धूळ काढा, हवा खेळती ठेवा आणि मोठे रेंडर रात्री लावा.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. निकाहच्या फुटेजमध्ये घरच्या बायका-मुली असतात, ते फुटेज अमानत असते. रेंडरसाठी ते दुसऱ्याच्या मशीनवर किंवा क्लाउडवर पाठवावे लागू नये, हा स्वतःची मशीन नीट ठेवण्याचा मोठा फायदा आहे. पण तेवढ्यासाठी व्याजाचे कर्ज डोक्यावर घेण्याची घाई नको. आधी टास्क मॅनेजर, मग सेटिंग, मग प्रॉक्सी, मग एसएसडी. एवढे करूनही सीपीयूच दमत असेल आणि काम इफेक्टचे असेल, तेव्हाच कार्ड.