डिझेलचा तपास टाकीपासून

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण एस. टी.च्या इतिहासात ते मानाचे स्थान कायम आहे. गाड्या वाढल्या, विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आले, १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना नोंदला गेला आणि पुढे उसाच्या मालमोटारी रस्त्याला लागल्या. या सगळ्यांबरोबर गावोगाव फिटर नावाचा नवा कारागीर उभा राहिला. बलुत्यांच्या जुन्या यादीत त्याचे नाव नाही. पण सुगीत गाडी अडली, की आधी त्याचीच आठवण होते.

या फिटरची विद्या कोठून आली, ते पाहू. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनियर १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. त्याची कल्पना साधी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे आपण जाणतो. हवा पुरेशी दाबली, तर ती इतकी तापेल, की तेलाचा फवारा ठिणगीवाचून पेटेल. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी झाले. तेलातल्या उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याने कामी आणला. पण तेल आत फुंकण्यासाठी हवेचा मोठा कॉम्प्रेसर लागे. असे धूड कारखान्यात किंवा जहाजावर शोभे, मोटारीत नव्हे. १९१३ च्या सप्टेंबरात डिझेल बोटीने इंग्लंडला जात असता नाहीसा झाला. आपले इंजिन मोटारीत चाललेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

ती अडचण रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने सोडवली. १९२७ साली तेथे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले आणि १९३६ साली मर्सिडीज-बेंझने डिझेलवरची मोटार बाजारात आणली. आपल्याकडे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९५१ साली बंगळूरला बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी निघाली. फिटरच्या तोंडी ‘मायकोचा पंप’ हा शब्द बसला, तो तेव्हापासून.

आता या पंपाचा स्वभाव बघा. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भागांइतकीच फट असते. वंगण म्हणून डिझेलच काम करते. म्हणून पंपाचे शत्रू तीन: कचरा, पाणी आणि हवा. कचरा ओरखडे पाडतो. पाणी गंज आणते व वंगण तोडते. हवा दाबली जाते, त्यामुळे दट्ट्याचा जोर तिच्यातच जिरतो आणि नोझल उघडतच नाही. टाकीचा तळ, फिल्टर, हातपंप, हवा काढण्याचा स्क्रू या सगळ्यांची योजना या तीन शत्रूंना पंपाच्या अलीकडे अडवण्यासाठीच झाली आहे.

म्हणून तपास टाकीपासून सुरू करावा आणि पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा. पुष्कळदा उलटे घडते. गाडी चालू होत नाही म्हटले, की पहिल्याच दिवशी पंप उतरतो, शेतकऱ्याचे हजारो रुपये जातात आणि खरा दोष नळीच्या एका झिजलेल्या वॉशरात असतो.

आधी टाकी. थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. पाणी असेल, तर ते तळाशी वेगळे दिसेल. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर दाखवावा. झाकणाचे हवेचे भोक बुजले, तरी गाडी थोडी चालून बंद पडते. झाकण सैल करताच ती पुन्हा चालली, तर दोष उघड झाला.

मग नळी. गाडी सकाळी उशिरा चालू होते आणि दिवसभर ठीक चालते, असे असेल, तर रात्री डिझेल टाकीकडे परत उतरत असावे. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर ठिबकतेच असे नाही. ती आत हवा घेते. फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळी जोडली, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

पुढे फिल्टर. सपाटीला गाडी बरी, पण करंजीच्या घाटात ओढत नाही, असे झाले, तर पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. तो बदलला, की हातपंप मारून, स्क्रूतून बिनबुडबुड्याची धार येईपर्यंत हवा काढावी.

धूरही बोलतो. स्टार्टर फिरतो आणि धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा. काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी झाल्याचा; तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा. निळा धूर इंजिन ऑइलचा. त्यात पंपाचा अपराध नाही. जुन्या इंजिनात मंद गतीवर एकेका नोझलची नळी सैल करतात. जी सैल केल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी समजावा. इतके झाल्यावरच पंप-नोझलच्या दुकानाची पायरी चढावी.

मात्र ही रीत नव्या गाडीला लावू नका. १९९७ पासून मोटारींत कॉमन रेल पद्धत आली. जुन्या नोझलला दर चौरस सेंटिमीटरला शे-दोनशे किलोचा दाब पुरे. इथे तो तेराशेपासून दोन हजारांच्या पुढे जातो. इंजिन चालू असताना नळी सैल केली, तर सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टिचभर दिसली, तरी तडक दवाखाना गाठावा; हात गमावण्याचा धोका असतो. इथे तपास स्कॅनरने करतात. पण ‘दाब कमी’ एवढेच स्कॅनर सांगतो. फिल्टर तुंबला, हवा शिरली की पंप झिजला, हे माणसालाच शोधावे लागते. तो शोध पुन्हा टाकीपासूनच निघतो.

सवाशे वर्षांत दाब वाढला, यंत्राला मेंदू आला. शत्रू मात्र तेच तीन राहिले. डबड्यातले डिझेल गाळून ओतणारा, रॉकेलची भेसळ टाळणारा आणि फिल्टर वेळेवर बदलणारा शेतकरी आपला पंप निम्मा वाचवतो. उरलेला निम्मा, क्रमाने तपास करणाऱ्या फिटरच्या हाती असतो. असा फिटर गावात असेल, तर त्याच्या हाताखाली एखादा होतकरू मुलगा जरूर बसवा.