मागल्या चाकाची राखण

इंग्लंडात १९०५ साली मोटारवाल्यांचा एक संघ निघाला, 'ऑटोमोबाइल असोसिएशन'. वेग मोजायला पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे सांगायला त्याची माणसे सायकलवर फिरत. पुढे तीच माणसे वाटेत अडलेल्यांना हात देऊ लागली. १९१२ पासून रस्त्याकडेला टेलिफोनच्या चौक्याही आल्या.

१९१९ च्या सुमारास मोटारीमागे जोडायच्या छोट्या घरगाड्या विकायला आल्या, अन् नवीच काळजी लागली. मागच्या गाडीचे चाक ढिले झाले, तरी पुढे हाकणाऱ्याला पत्ता नसतो. आपला बैलगाडीवाला खडखड ऐकताच उतरून कण्याची खीळ बघतो. मोटारीत ती खडखड पोचतच नाही. म्हणून निघण्याआधी टायरची हवा नि चाकाचे नट बघावेत. चाक बदलले, तर ५० किलोमीटरच्या आसपास थांबून नट पुन्हा आवळावेत. मदत येते खरी; पण ती येते चाक निखळल्यावर!