सुगंधाचा हिशेब

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे मागे पडले की निडी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पुढच्याच रोहे स्थानकात उतरून कुंडलिकेच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेस गेले, तर नदी जेथे सागरास मिळते तेथे एका तीरावर चौल-रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई दिसते. पेण-रोह्याच्या या परिसराला आज आपण भातशेतीचा, गणेशमूर्तींचा आणि रासायनिक कारखान्यांचा प्रदेश म्हणून ओळखतो. परंतु सुगंधाच्या इतिहासातही या किनाऱ्याला स्थान आहे, आणि तो इतिहास आपल्या ख्रिस्ती स्त्रीच्या जीवनाशी निगडित आहे.

स्त्रीने अंगाला सुगंध लावावा की नाही, हा वाद फार जुना. घराबाहेर पडताना मुलीने अत्तराचा एक थेंब मनगटावर लावला, तर घरातील कोणीतरी ‘हा खर्च कशाला?’ म्हणून विचारतेच. कोणी त्यात नखरा पाहतो, कोणी परकीयांचे अनुकरण. स्त्रीच्या सुगंधाचा हिशेब मांडणारे प्रत्येक युगात होऊन गेले. ते हिशेब तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिला हिशेब शुभवर्तमानातच आहे. बेथानी गावी मरियेने अत्यंत मौल्यवान असे शुद्ध जटामांसीचे सुगंधी तेल घेऊन प्रभू येशूच्या चरणांस लावले, आपल्या केसांनी ते चरण पुसले, आणि सारे घर दरवळून गेले, असे संत योहान सांगतो. तेव्हा यहूदा इस्कार्योताने ताबडतोब किंमत काढली: तीनशे दिनार! ते विकून गोरगरिबांस का दिले नाही? द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावरून आपणास ठाऊक आहे की, एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराचे कष्ट त्या एका कुपीत साठलेले होते. हिशेब चुकीचा नव्हता. मांडणाऱ्याचे मन शुद्ध नव्हते. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली, हे आपण सर्व जाणतो.

त्या तेलाची जन्मभूमी मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो. जटामांसी ही हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणारी एक लहानशी वनस्पती. तिच्या मुळांतून सुगंधी तेल निघते. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गदर्शिकेत ही जटामांसी उज्जयिनीमार्गे भडोच बंदरात येई आणि तेथून जहाजांत भरली जाई, अशी नोंद आहे. त्याच पुस्तकात कल्याणच्या दक्षिणेकडील बाजारपेठांत ‘सेमिल्ला’चे नाव प्रथम येते. हे सेमिल्ला म्हणजेच आपले चौल, असे अभ्यासक मानतात. उलट दिशेने येणाऱ्या मालातही सुगंध होताच: भडोचच्या राजासाठी पश्चिमेकडून उंची सुगंधी लेप येत, असे तोच लेखक सांगतो. बेथानीच्या घरात दरवळलेल्या तेलाचा मूळ सुगंध भारतीय भूमीतला होता, हे वाचून भारतीय ख्रिस्ती वाचकाच्या मनास थोडा आनंद झाल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही.

दुसरा हिशेब रोमन पंडित प्लिनी याचा. जटामांसीच्या कणसासारख्या मुळांस एका रत्तलास शंभर दिनार पडतात, असे त्याने लिहून ठेवले. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून रोमन साम्राज्यातून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, अशी तक्रार करताना त्याने त्याचे खापर चैनीवर आणि स्त्रियांवर फोडले. मेजवान्यांत डोक्याला तेल चोपडून बसणारे रोमन पुरुषही काही कमी नव्हते. परंतु हिशेबाच्या वहीत नाव चढले ते स्त्रीचे.

आपल्याकडे सुगंध ही केवळ चैन नव्हती, ती विद्या होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात उटणी, लेप, धूप आणि पुष्पमाला यांना राजाच्या उपभोगांत मानाचे स्थान आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सुगंधनिर्मितीवर मराठी भाषेतही जुने लेखन झालेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली एका दुर्मिळ हस्तलिखिताचा परिचय करून दिला. त्यात गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीला ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ होता. या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे! हे ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातर्फे छापून प्रसिद्ध झाले. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत. भिजविणे, शिजविणे, सुगंध जागा करणे, त्यात दुसरा तीव्र सुगंध मिसळणे, धुरी देणे आणि शेवटी फुलांचा वास चढविणे, असा तो क्रम आहे. आजचा सुगंधतज्ज्ञदेखील ही सूची आदराने वाचील.

फुलांचा वास ‘चढविणे’ ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. मोगरा, जाई, जुई यांच्या कळ्या सायंकाळनंतर उमलतात आणि खुडल्यावरही कित्येक तास सुगंध सोडत राहतात. जुन्या कारागिरांनी याचा चतुराईने उपयोग करून घेतला. स्वच्छ केलेल्या तिळांचा एक थर आणि ताज्या फुलांचा एक थर अशी रचना करावयाची. कोमेजलेली फुले काढून रोज नवी घालावयाची. तिळांनी पुरेसा गंध शोषला की ते घाण्यावर गाळावयाचे. हे झाले फुलेल तेल. अत्तराची रीत निराळी. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी व फुले घालून खाली मंद विस्तव ठेवतात. वाफ बांबूच्या नळीवाटे दुसऱ्या, पाण्यात बुडविलेल्या भांड्यात जाते, आणि तेथे आधीच ठेवलेले चंदनाचे तेल तो गंध धरून ठेवते. उत्तर प्रदेशातील कनौजमध्ये ही रीत आजही जिवंत आहे. कनौजचे अत्तर, त्याची अत्तरदाणी आणि शेजारी गुलाबपाण्याची गुलाबदाणी, ही मराठी घरांतील समारंभांची खूणच होऊन बसली.

सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर पोर्तुगीज स्थिरावले. चौल येथे त्यांनी १५२१ च्या सुमारास किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. तो प्रदेश अहमदनगरच्या निजामशाहीचा. आणि त्या दरबारी बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणून जो पोर्तुगीज गृहस्थ ये-जा करीत असे, तो गार्सिया द ओर्ता. त्याचा भारतीय वनौषधींवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातील एक संपूर्ण संवाद आपल्या पारिजातकावर आहे. रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या या झाडाला तो ‘दुःखी वृक्ष’ म्हणतो आणि एतद्देशीयांची कथाही नोंदवितो: एका मोठ्या घराण्यातील कन्या सूर्यावर अनुरक्त झाली, त्याने तिचा त्याग केला, तिने प्राण दिला आणि तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याच्या फुलांस सूर्यदर्शन सोसत नाही. पुढे लिनियसने या वृक्षाच्या शास्त्रीय नावातही ते दुःख कायम ठेवले.

ओर्ताचे स्वतःचे दुःख याहून मोठे. तो ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ साली त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून त्यांनाही अग्नी दिला. आपल्या फुलांवर प्रेमाने लिहिणाऱ्या माणसाची ही गत झाली, हे आपल्या इतिहासातील एक लज्जास्पद पान आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच न्यायासनाने पुढे १७३६ साली एक फर्मान काढले, आणि हा आपल्या विषयातील तिसरा हिशेब होय. गोव्याच्या नवख्रिस्ती कुटुंबांनी कोणकोणत्या चालीरीती सोडाव्यात याची ती लांबलचक यादी आहे. त्यात दारी तुळस लावण्याची मनाई आहे. तशीच विवाहप्रसंगी वधूवरांना हळद-तेल चोळणे, पानसुपारी-फुले वाटणे यांसारख्या प्रथांचीही आहे. श्रद्धा आणि संस्कृती यांतील सीमारेषा त्या अधिकाऱ्यांना ओळखता आली नाही. नवरीच्या अंगाचा सुवासदेखील त्यांना संशयास्पद वाटला.

परंतु फर्मानांपेक्षा स्त्रियांची स्मृती अधिक चिवट असते. गोव्यात आणि मंगळूरकडील कोकणी ख्रिस्ती कुटुंबांत वधूवरांना नारळाचा रस लावून न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ विधी टिकून राहिला. फेस्ताच्या दिवशी अंबाड्यावर फुलांची वेणी आली. अबोलीला रंग आहे, गंध नाही. म्हणून तिच्या जोडीला मोगरा किंवा सुरंगी गुंफावयाची, हे शहाणपण कोणत्याही ग्रंथात न लिहिता मायलेकींतून चालत आले. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात आणि वसईत लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रीच्या केसांतील फूल हे तिच्या ख्रिस्ती असण्याच्या आड कधी आले नाही. १७३९ साली वसई आणि १७४० साली चौल-कोर्लई मराठ्यांकडे गेली. राज्ये बदलली; कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली तेवढी उरली. वसईच्या वाड्यांतून तर ख्रिस्ती कुटुंबे फुलेच पिकवू लागली. तेथील सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाऊ लागला आणि शहरातील असंख्य अनोळखी स्त्रियांच्या केसांत दरवळू लागला.

विसाव्या शतकात फूल केसांतून बाटलीत शिरले. स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबईचे ‘ओटो दिलबहार’ हे अत्तर जाहिरातींतून घरोघरी ठाऊक झाले. १९२२ साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी स्थापन झाली आणि सुगंधद्रव्यांच्या धंद्यात एका मराठी घराण्याने पाय रोवले. फ्रान्समध्ये १९२१ साली अर्नेस्ट बो या रसायनतज्ज्ञाने ‘शनेल नंबर ५’ तयार केले. गुलाब आणि जाई यांच्या अर्कांना कृत्रिम द्रव्यांची जोड देणारा हा सुगंध पुढे अभिजात स्त्रीसुलभ पुष्पगंधाचा मानदंड ठरला. त्याच कारागिराचे १९२८ चे ‘ईव्हनिंग इन पॅरिस’ आपल्या निळ्याशार बाटलीतून भारतातही पोहोचले. बोटीवर नोकरीस असलेला भाऊ, पुढच्या काळात आखातात गेलेला मुलगा, घरी परतताना अशी एखादी बाटली घेऊन येई. ती कपाटात जपून ठेवली जाई, नाताळला आणि लग्नकार्यालाच उघडली जाई, आणि रिकामी झाल्यावरही लुगड्यांच्या घडीत विसावे. त्या बाटलीत फ्रान्स होता तितकाच दूरदेशी राबणारा आपला माणूसही होता.

आता पुन्हा आपल्या रायगड जिल्ह्याकडे वळू. पाताळगंगेच्या परिसरात वाशिवली येथे केळकर कंपनीचा कारखाना उभा राहिला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रिवी ही कंपनी पाइन वृक्षांच्या टर्पेंटाइनपासून सुगंधी रसायने बनवून देशोदेशी पाठविते. पाश्चात्त्य नाव धारण केलेल्या एखाद्या बाटलीतील काही थेंबांचा जन्म याच मातीत झालेला असू शकतो. दोन हजार वर्षांपूर्वी या पश्चिम किनाऱ्यावरून सुगंध बाहेर जात होता, आजही जातो. मग सुगंध लावणाऱ्या मुलीला ‘परकीयांचे अनुकरण’ म्हणून बोल कोणत्या तोंडाने लावावा?

चौथा हिशेब अद्याप मांडावयाचा आहे, आणि तो मांडणे आपले कर्तव्य आहे. यहूदाने तीनशे दिनारांची बेरीज केली, परंतु ती मुळे हिमालयात खणणारे हात त्याच्या वहीत नव्हते. प्लिनीने दहा कोटींचा आकडा लिहिला, परंतु नावाडी लिहिला नाही. इन्क्विझिशनने फुले मना केली, परंतु ती फुलविणाऱ्या माळिणीचे पोट विचारात घेतले नाही. आज मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी खुडल्या पाहिजेत, म्हणून उजाडण्याआधी मळ्यात वाकणारी स्त्री, पहाटेच्या गाडीत पाट्या चढविणारी तिची सोबतीण, कारखान्यात तीव्र वासांच्या सान्निध्यात पाळी करणारा कामगार आणि कारखान्यांच्या शेजारी राहून नदीच्या पाण्याची चिंता वाहणारा शेतकरी: हे सारे त्या थेंबाचे धनी आहेत. ‘गोरगरिबांना का दिले नाही’ हा प्रश्न खोटा नव्हे. खऱ्या मनाने विचारला तर तो सुगंध लावणारीपुरता थांबत नाही. सुगंध विकणाऱ्याच्या आणि कारखानदाराच्या दारापर्यंत जातो. गजऱ्याच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तो सोडत नाही.

राहिला नखऱ्याचा आरोप. ख्रिस्तसभेने सुगंधाला कधीच वर्ज्य मानलेले नाही. पवित्र सप्ताहात महागुरुस्वामी जे क्रिझम तेल आशीर्वादित करतात, त्यात जैतुनाच्या तेलात सुगंधी द्रव्य मिसळलेले असते. स्नानसंस्काराच्या वेळी तेच तेल तान्ह्या बालिकेच्या मस्तकास लावले जाते आणि दृढीकरणाच्या वेळी तिच्या कपाळावर. म्हणजे आपल्या प्रत्येक लेकीच्या अंगाला सुगंधाचा पहिला स्पर्श होतो तो आईच्या कपाटातून नव्हे, तर वेदीवरून! त्या सुगंधाला ‘नखरा’ असे कोणी म्हणत नाही. तारतम्य मात्र हवे: शेजारी बसलेल्याचे लक्ष प्रार्थनेवरून उडावे इतका भपका नसावा, आणि कर्ज काढून बाटली आणू नये. जुन्या गृहिणी अत्तराचा लहानसा फाया कानाच्या पाळीमागे ठेवीत, त्यात हे तारतम्य आपोआप होते.

बेथानीच्या मरियेने तेल स्वतःसाठी राखून ठेवले नाही, आणि म्हणूनच ते साऱ्या घराचे झाले. सुगंधाचा स्वभावच तसा आहे; जिने लावला तिच्यापेक्षा तो शेजारच्यांना अधिक मिळतो. पुढच्या लग्नसराईत एखाद्या मुलीने केसांत मोगरा माळला वा मनगटावर थेंब लावला, तर तिच्याकडे त्या दृष्टीने पाहावे. आणि गजरा विकणाऱ्या बाईने सांगितलेली किंमत त्या दिवशी तरी न कुरकुरता द्यावी.